शिडीवरच्याला मिळालेला निरोप

सगळ्याचं मूळ एका पित्ताशयात होतं, आणि ते ज्याच्या पोटात होतं तो एकटा सोडून बाकी सगळ्यांना त्याचा मनस्ताप झाला.

त्या इस्पितळात एक सर्जन होते. हात सोन्याचा, पण जिभेला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकलेली. पाठीमागे सगळे त्यांना 'दीडशब्दी' म्हणत, कारण त्यांच्या बोलण्यात एक शब्द पूर्ण असे, 'काढू', आणि एक अर्धा, 'हं'. पेशंटला काही सांगायचं तर ते चालता चालता सांगत. थांबून सांगितलं की माणसं प्रश्न विचारतात, हा त्यांचा अनुभव होता. एका सकाळी ते असेच व्हरांड्यातून निघाले, कुणाच्या तरी पोटाची फिल्म उजेडासमोर वर धरली, म्हणाले, "पित्ताशय. काढावं लागेल. हं," आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले.

आता फिल्म वर धरली की मान वर जाते, आणि मान वर गेली की नजर छताला लागते. छताशी त्या वेळी शिडीवर चढून पंखा दुरुस्त करणारा मिस्त्री होता. इस्पितळात तो फक्त पंख्याच्या दुखण्यासाठी आला होता. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरानं मान वर करून, डोळ्यांत डोळे घालून सांगितलं म्हटल्यावर तो काय करणार? गुपचूप उतरला, गोंधळात पंख्याचं एक पातं काखेत घेऊन घरी गेला आणि अंथरुणाला लागला. बायकोनं भावाला बोलावलं. या मेहुण्याला तक्रारअर्ज लिहिण्याची भारी हौस. पेशंटच्या पोटात काय आहे हे विचारण्याआधीच त्यानं तीन पानं लिहून काढली.

तक्रार वर गेली. वर गेलेली गोष्ट खाली येताना अंगानं भरून येते, तसंच झालं. समिती बसली. पित्ताशय नेमकं कुणाचं, हे समितीनं विचारलं नाही. तो प्रश्न वैद्यकीय होता आणि समिती प्रशासकीय. निष्कर्ष निघाला की इस्पितळातल्या लोकांना बोलता येत नाही. उपाय निघाला की त्यांना बोलायला शिकवावं. पण शिकवणार कोण? म्हणून आधी शिकवणारे तयार करायचे, आणि त्या शिकवणाऱ्यांना शिकवायला मुख्य कार्यालयातून एक बाई यायच्या होत्या. पंखा तोवर दोन पात्यांवर लोंबकळत राहिला.

परिपत्रक आलं. शहाणी माणसं परिपत्रक तळाकडून वाचतात. तळाशी लिहिलं होतं: प्रमाणित प्रशिक्षकांना रात्रपाळी माफ.

ती ओळ वाचून पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टरच्या छातीत धस्स झालं. आनंदानंसुद्धा धस्स होतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

सिस्टरला चार वर्षांची लेक होती. पाळण्यात असल्यापासून तिला सगळे ठकू म्हणत, आणि ती कुणाकडूनच ठकली जात नसे, निदान दिवसा तरी. रात्रपाळी असली की घरात एक नाटक व्हायचं. संध्याकाळी सासूबाई ठकूला गॅलरीत नेऊन म्हणायच्या, "तो बघ, तो बघ कावळा!" आणि कावळा असो वा नसो, सिस्टर चपला हातात घेऊन, श्वास रोखून, चोरासारखी जिना उतरायची. सकाळी ठकूनं विचारलं, "आई कुठं होती?" की ठरलेलं उत्तर, "दुकानात." रात्रभर उघड्या असणाऱ्या त्या दुकानातून आजवर घरात काडेपेटीसुद्धा आली नव्हती, पण ठकूनं त्याबद्दल कधी चौकशी केली नाही. वॉर्डात भल्याभल्यांच्या बायकांना धीरानं जवळ बसवून नको त्या गोष्टी सांगणारी ही बाई, स्वतःच्या लेकीला 'मी कामाला जाते' हे तीन शब्द सांगायला घाबरायची. सांगितलं तर ती रडेल, आणि ती रडली तर आपला पाय निघणार नाही. हे सगळं तळाच्या एका ओळीनं मिटणार होतं. सिस्टरनं नाव दिलं.

नाव सगळ्यांनीच दिलं. रात्रपाळी कुणाला हवी असते?

मुख्य कार्यालयातून आलेल्या बाईंचा आवाज इतका मऊ होता की पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'हळुवार बाई' पडलं. "संवादाचा पहिला नियम," एवढं पहिल्या रांगेला ऐकू आलं. मागच्या रांगेला तो नियम अजूनही माहीत नाही.

"मोठ्यानं बोला की!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाई गोड हसल्या. "माझा आवाज तुम्हाला कमी वाटतोय," त्या म्हणाल्या, आणि तितक्याच हळू पुढे बोलू लागल्या.

खरं तर सगळं शास्त्र या एका प्रसंगात आलं होतं. समोरचा जे म्हणेल ते त्यालाच धुऊन, घडी घालून परत द्यायचं. उत्तर द्यायची घाई करायची नाही. आधी 'तुम्हाला काय वाटतं?' विचारायचं. चूक दाखवायचीच झाली तर दोन कौतुकांच्या मधे दडपून दाखवायची. आणि शेवटी, 'आणखी सांगा.'

सर्जनसाहेबांना सक्तीनं बसवलं होतं. पहिले दोन दिवस ते खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्या दिवशी अचानक त्यांचे डोळे चमकले. 'तुम्हाला काय वाटतं?' विचारलं की आपल्याला काहीच सांगावं लागत नाही, हा शोध त्यांना लागला होता! त्या दिवसापासून ते वर्गातले सर्वांत हुशार विद्यार्थी झाले. आधी ते गप्प राहून उत्तर टाळायचे, आता प्रश्न विचारून टाळू लागले. हळुवार बाई म्हणाल्या, "केवढा हा बदल!"

सिस्टर मात्र मनापासून शिकत होती, आणि सराव घरी करत होती. त्याची पहिली झळ नवऱ्याला लागली.

"भाजीत मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"मीठ कमी आहे असं तुला वाटतंय."

"वाटत नाही. आहे."

"आहे, असं तू ठामपणे म्हणतोयस. त्याबद्दल आणखी सांगशील?"

नवऱ्यानं घास खाली ठेवला. "अगं, मीठ दे!"

"तू वैतागलायस."

"आत्तापर्यंत नव्हतो!" तो म्हणाला, आणि उठून स्वतः मीठ घेऊन आला. लग्नानंतर मिठाचा डबा कुठं असतो हे त्याला प्रथमच कळलं, एवढा फायदा या शास्त्राचा नक्कीच झाला.

मग पेशंटचं काम करायला सासूबाईंना धरलं. त्या आनंदानं तयार झाल्या, पण आजारावरून अडलं.

"तुमचा गुडघा दुखतोय असं समजू या," सिस्टर म्हणाली.

"गुडघा? शी! गुडघा काय, कुणाचाही दुखतो. जरा बरं काहीतरी दे. माझ्या जावेला गेल्या वर्षी एवढं मोठं काय काय झालं होतं, आणि मला गुडघा?"

शेवटी तडजोडीनं हृदयावर ठरलं. सिस्टरनं हात हातात घेऊन, मान थोडी कलती ठेवून विचारलं, "काय होतंय आजी? सावकाश सांगा, मी ऐकतेय." सासूबाई सांगू लागल्या. छातीपासून सुरुवात झाली, तिथून गाडी जावेवर आली, जावेवरून लग्नातल्या एका पातेल्यावर, पातेल्यावरून थेट आजच्या घडीवर. कितीतरी वेळानं त्या थांबल्या आणि डोळे पुसून म्हणाल्या, "एक सांगू? खोटी पेशंट झाले तर किती गोड बोललीस. खरी सासू असते तेव्हा तुझं अर्धं लक्ष कुकरकडे असतं."

शास्त्रात याचं उत्तर होतं, 'तुम्हाला एकटं वाटतं.' पण ते सिस्टरच्या तोंडातून निघेना. कुकरची शिट्टी झाली आणि तिची सुटका झाली.

शेजाऱ्यांनीही आपला वाटा उचलला. समोरच्या काकू म्हणाल्या, "बोलायला कसलं गं शिक्षण? माझ्याकडे पाठव सगळ्यांना." खालचे निवृत्त हेडमास्तर जिन्यातच अडवून म्हणाले, "वर्गात शिरल्याबरोबर एकाला उगीचच उभं करायचं. कारण नसताना! बाकीचे आपोआप ऐकतात." सिस्टरनं दोघांचंही म्हणणं त्यांनाच परत दिलं. काकू खूश झाल्या. हेडमास्तर म्हणाले, "मी जे बोललो तेच काय बोलतेस? पाठांतर आहे का?"

शेवटची पायरी होती परीक्षेची. हळुवार बाईंसमोर एक पूर्ण वर्ग घेऊन दाखवायचा, जोडीला एक डॉक्टर. सिस्टरच्या वाट्याला दीडशब्दी आले. अट एकच: वर्गात बसणारे लोक प्रशिक्षक नसावेत, शिकणारे असावेत.

सिस्टर ऑफिसात गेली. "शिकणारे हवेत," ती म्हणाली.

मोठ्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "शिकणारे कुठून आणू, सिस्टर? सगळेच शिकवणारे झालेत."

"वॉर्डातले?"

"प्रशिक्षक."

"लॅबमधले?"

"ते तर वरिष्ठ प्रशिक्षक."

"फाटकावरचा रखवालदार?"

"त्याचं उद्या सर्टिफिकेट येतंय. कालपासून तो कुणाला आत सोडत नाही, 'आपल्याला आत का जावंसं वाटतं' म्हणून विचारतो. बाहेर रांग लागली आहे." बाबूंनी सुस्कारा टाकला. "मला वाईट वाटतंय हे मला समजतंय."

"मला वाईट वाटतंय," सिस्टर म्हणाली, "तुम्हाला नाही!"

"तेच ते. मी कालच पास झालो."

परीक्षेच्या दिवशी सकाळी हॉल स्वच्छ झाडलेला, फळा पुसलेला, खुर्च्या ओळीत, आणि त्यांवर एक माणूस नाही. हळुवार बाई चहा घेऊन येतच होत्या. सिस्टर दारात उभी राहिली. डोळ्यांसमोर चपला, जिना आणि नसलेला कावळा. तेवढ्यात तिची नजर व्हरांड्याकडे गेली. तिथं बाकांवर माणसंच माणसं होती. बहुतेक सर्जनसाहेबांना दाखवायला आलेली. साहेब तर परीक्षेसाठी हॉलमध्ये, तेव्हा या लोकांना बसूनच राहायचं होतं. इथं बसायचं ते आत बसतील. त्यात पाप ते काय?

"चला, सगळे आत या," ती म्हणाली. "आत खुर्च्या आहेत."

इस्पितळात कुणी 'आत या' म्हटलं की माणूस का म्हणून विचारत नाही. कुणी प्लॅस्टरसकट, कुणी काठीसकट, पण नंबर न मोडता, सगळे आत आले. "केसपेपर इथं दाखवायचा का?" एका आजीनं विचारलं. "ठेवा पिशवीत," सिस्टर म्हणाली. त्यांना वाटलं, नवीन नियम असेल. हल्ली तपासण्याआधी वर्ग करावा लागत असेल.

हळुवार बाई आल्या. भरलेला हॉल बघून प्रसन्न झाल्या. पहिल्या रांगेतल्या काठीवाल्या आजोबांना त्यांनी विचारलं, "आपण कोणत्या विभागात?"

"हाडांच्या."

"किती वर्षं झाली?"

"तीन. सोडतच नाहीत."

"वा! अशी निष्ठा हवी," बाई म्हणाल्या आणि मागे जाऊन वही-पेन घेऊन बसल्या.

सिस्टरनं शिकवायला सुरुवात केली. आणि काय सांगावं! ती माणसं जीव ओतून शिकली. आयुष्यभर कुणी आपलं ऐकून घेत नाही, हे ज्यांना ठाऊक असतं, त्यांना ऐकायचं कसं हे दोनदा सांगावं लागत नाही. मग तिनं जोड्या लावल्या. एकानं डॉक्टर व्हायचं, दुसऱ्यानं पेशंट. हॉल गुणगुणू लागला. हळुवार बाईंची मान डोलू लागली. रात्रपाळी माफ झाल्यासारखीच होती.

खिडकीजवळच्या जोडीत एक म्हातारा शिंपी डॉक्टर झाला होता, गळ्यात टेप होतीच. त्याचा पेशंट होता एक तरुण, खिशाला टेस्टर लावलेला. सिस्टर त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली आणि तिनं त्या तरुणाला ओळखलं. पंखेवाला! समिती उठून गेली तरी त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं. दर आठवड्याला तो विचारायला यायचा, आणि ऑफिसातून उत्तर मिळायचं, प्रकरण वर आहे.

"काय होतंय तुम्हाला?" शिंप्यानं मान कलती करून विचारलं.

"खरं सांगू काका? होत काहीच नाही. पण डॉक्टर म्हणाले पित्ताशय काढायचं. तेव्हापासून मी शिडी चढलेलो नाही. धंदा बसलाय."

"तुम्हाला भीती वाटते."

"वाटणारच! मी पंखा करत होतो, ते खालून चालले होते, वर बघितलं आणि म्हणाले."

शिंप्याची कलती मान सरळ झाली. "अरे, तो तू? ती शिडी मीच धरली होती! तूच म्हणालास, काका जरा धरा. साहेब तुझ्याकडे बघून बोलले ना, मला इतकं वाईट वाटलं. घरी जाऊन बायकोला म्हटलं, बिचारा पोरसवदा, आणि पित्ताशय."

"तुम्ही तिथं काय करत होता?"

"मी? साहेबांना दाखवायला आलो होतो. जेवलं की इथं, बरगडीखाली, असा पीळ पडतो. फिल्म काढली होती माझी. अजून येतोय. विचारलं की नर्स म्हणतात, तुम्हाला सांगितलंय ना? मी म्हणतो, हो. सांगितलं असेल. मोठी माणसं, परत कसं विचारायचं?"

बोलता बोलता तो थांबला. पंखेवाला त्याच्याकडे बघत राहिला. बाजूच्या जोड्यांनी माना वळवल्या. ऐकायला शिकलेली माणसं, त्यांनी ऐकलं होतं.

शिंपी उठला आणि हॉलच्या पुढे उभ्या असलेल्या सर्जनसाहेबांना म्हणाला, "साहेब, ती फिल्म माझी होती का?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओळख पटल्याची एक बारीक सुरकुती कपाळावर उमटली. मग त्यांनी हळुवार बाईंकडे पाहिलं, आणि शिकलेलं आठवलं.

"तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले.

"मला काय वाटणार, साहेब? मी शिंपी माणूस."

"आणखी सांगा."

"काय सांगू? पोट माझं, पण फिल्म तुमच्याकडे!"

"तुम्हाला गोंधळल्यासारखं वाटतंय," साहेब म्हणाले, आणि मागून हळुवार बाईंचं पेन कौतुकानं सळसळलं.

सिस्टर मधेच उभी होती. गप्प राहिली तर तास छान संपत होता. बोलली तर हे शिकणारे कोण हे फुटणार, आणि सर्टिफिकेट गेलं. तिनं शिंप्याच्या पिशवीतला केसपेपर ओढून वाचला, निदान त्यावर डॉक्टरी अक्षरात केव्हाचं लिहिलेलं होतं, आणि त्याच्याकडे पाहिलं. तो हात बरगडीखाली धरून उभा होता, आणि चेहऱ्यावर तेच जुनं 'सांगितलं असेल' होतं.

"काका," ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की मागच्या रांगेनं दचकून पाहिलं. "फिल्म तुमचीच. तुमच्या पित्ताशयात खडे आहेत. ते काढावं लागेल. ऑपरेशन नेहमीचं आहे, साहेबांचा हात चांगला आहे. आधीच सांगायला हवं होतं, आमच्याकडून राहिलं." मग ती पंखेवाल्याकडे वळली. "आणि तुला काहीही झालेलं नाही. ऊठ, पंखा लाव."

पंखेवाला खुर्चीतून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. शिंपी एकदम हसला. "म्हणजे मला झालंय होय," तो म्हणाला. "बरं झालं, कळलं तरी. मला वाटायचं वेड लागलंय." मग साहेबांना म्हणाला, "कधी काढायचं?"

"गुरुवारी," साहेब म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा तो पहिला उपयोगी शब्द होता.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. हळुवार बाईंना शेवटपर्यंत काही उमगलं नव्हतं. त्यांनी शेरा लिहिला होता: शिकणाऱ्यांचा सहभाग उत्कृष्ट, शिंप्याची भूमिका करणाऱ्याचा अभिनय डोळ्यांत पाणी आणणारा, सर्जन आदर्श प्रशिक्षक. सिस्टर मेहनती आहेत. परंतु रुग्णानं विचारताच सरळ उत्तर देऊन मोकळ्या होतात. तथापि आवाज सुस्पष्ट आहे. दोन कौतुकांच्या मधे दडपून नापास!

मोठे बाबू कागद देताना म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटतंय."

"हो," सिस्टर म्हणाली.

पुढच्या 'आणखी सांगा'साठी बाबूंनी तोंड उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि मिटलं. कोर्सचा खरा उपयोग झालेला तेवढाच.

रात्रपाळीच्या यादीत तिचं नाव पुन्हा लागलं. बाकी सगळे प्रशिक्षक झाल्यामुळे जरा जास्तच वेळा लागलं.

त्या संध्याकाळी ऊन उतरलं, सासूबाईंनी ठकूचा हात धरला आणि गॅलरीकडे नेत म्हणाल्या, "चल, कावळा आला असेल."

"राहू द्या आई," सिस्टर म्हणाली. ती चपला हातात घेऊन उभी होती. खाली बसली, ठकूच्या उंचीवर. हात हातात घ्यावा, मान कलती करावी, 'तुला काय वाटतं' विचारावं, सगळं आठवलं. पण तिनं काहीच केलं नाही. "ठकू, मी दुकानात नाही जात. मी रात्री इस्पितळात कामाला जाते. रात्रभर तिथंच असते. सकाळी येते."

ठकूनं तिच्याकडे पाहिलं. रडण्याची तयारी करून सिस्टर थांबली होती, स्वतःच्या.

"मला माहितीये," ठकू म्हणाली. "तू चपला हातात घेऊन जातेस. कावळा पण नसतो."

"मग कधी बोलली नाहीस ते?"

"तुला वाईट वाटलं असतं."

सासूबाई गॅलरीच्या दारातच खाली बसल्या. सिस्टरनं काही वेळ लेकीला पोटाशी धरून ठेवलं. उशीर झाला, तो होऊ दिला. मग उठली, चपला खाली टाकल्या, पायांत घातल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा त्यांचा फटक फटक आवाज करत खाली उतरली. वरून कठड्याच्या गजांतून ठकू ओरडली, "आई, मोठ्यानं!"

खालचे हेडमास्तर दार उघडून म्हणाले, "काय चाललंय काय?"

"कामाला चाललेय!" सिस्टर म्हणाली.